कोष्टीपुऱ्यावरची पानं

प्रणोती निमजेने आईला कोष्टीपुऱ्यातून आपल्या घरी नेलं, तेव्हा कारण मोतीबिंदूचं सांगितलं. कारण अगदीच खोटं नव्हतं. देवकाबाईंच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला होता आणि तपासणी आज करू, उद्या करू असं म्हणत लेक ती लांबवत आली होती. पण डोळा काही त्याच आठवड्यात बिघडला नव्हता. वैशाखाच्या ऐन तापात म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांसाठी कुणी घराबाहेर काढत नाही, एवढं कोष्टीपुऱ्यात सगळ्यांनाच कळत होतं.

समोरच्या ओट्यावर गिरजाबाई पराते बसल्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या काठीशिवाय उठत नसत, त्यामुळे दिवसभर त्यांचा मुक्काम तिथेच असे. प्रणोती लहान असताना आई-बाप दोघंही विणकर सोसायटीच्या मागावर जायचे आणि पोरगी गिरजाबाईंच्या घरी जेवायची, तिथेच झोपायची. तिच्या पहिलीच्या पाटीवरचं नावसुद्धा गिरजाबाईंच्या नवऱ्याने काढून दिलेलं.

"एवढ्या उन्हात कुठं नेऊन रायली वं मायले?" गिरजाबाईंनी विचारलं. "तुया क्वार्टरमधी उकडून मरन ती. आपल्या गल्लीत त थंडगार हाय."

प्रणोती हसली. दवाखान्यातली तारीख मिळाली आहे, चार दिवसांत परत आणते, असं तिने सांगितलं. गिरजाबाईंनी मान हलवली आणि देवकाबाईंना बजावलं, की डॉक्टरने काही खायला बंद केलं तर ऐकायचं नाही. दोघी म्हाताऱ्या हसल्या. प्रणोतीने आईची पिशवी ऑटोत ठेवली. त्या वेळी गल्लीवरच्या जाळीतली हजारो हिरवट पानं मंद सळसळत होती आणि त्यांच्याखाली गारवा होता. परवा सकाळी तो गारवा बंद होणार, हे त्या गल्लीत फक्त तिला एकटीला माहीत होतं.

ती पानं तिचीच होती. वेणापूरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि झाडाच्या पानावर तिचा मोठा जीव होता. पानाच्या रचनेत एकही गोष्ट उगाच नसते, असं ती वर्गात सांगायची. पान रुंद असतं, कारण त्याला ऊन झेलायचं असतं. पातळ असतं, कारण हवा आतल्या शेवटच्या पेशीपर्यंत पोचायला हवी. वरच्या बाजूला मेणचट, पारदर्शक साल असते. तिच्यातून उजेड आत येतो, पण पाणी बाहेर जात नाही. सालीखाली खांबांसारख्या दाटीने उभ्या राहिलेल्या पेशी असतात, अन्न तयार करण्याचं बहुतेक काम त्यांचं. त्यांच्याखाली स्पंजासारखी सैल, पोकळ्या-पोकळ्यांची जागा, हवा खेळायला. आणि सगळ्यात खाली, पानाच्याच सावलीत, हजारो बारीक रंध्रं. प्रत्येक रंध्राला घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन पेशींचे ओठ असतात. पेशी पाण्याने टम्म फुगल्या की ओठ उघडतात, मलूल झाल्या की मिटतात.

या उघडलेल्या ओठांतून पाण्याची वाफ जाते, आणि जाताना उष्णता घेऊन जाते. गेलेल्या पाण्याच्या जागी शिरांमधून नवं पाणी आपोआप वर ओढलं जातं. भर दुपारी पिंपळाखाली उभं राहिल्यावर जो गारवा लागतो त्यात सावलीचा वाटा असतो, तसाच या घामाचाही असतो.

प्रणोतीने अन्न तयार करण्याचं काम सोडून दिलं आणि घामाचं तेवढं घेतलं. लगद्यापासून केलेला तळहाताएवढा पातळ पापुद्रा, वरून मेणाचा थर, आत केसाएवढ्या नळ्यांच्या शिरा आणि खाली फुगणाऱ्या चिकट गराची रंध्रं. अशी हजारो पानं जाळीला लावून गल्लीवर ताणली आणि त्यांच्या शिरा एका मुख्य नळीला जोडल्या, की खालची हवा आठ-नऊ अंशांनी उतरायची. पंखा नको, वीज जवळपास नकोच. नगरपरिषदेने योजनेला पर्णछत असं नाव दिलं. लोक नुसतं 'पानं' म्हणत.

पहिली गल्ली कोष्टीपुऱ्याची, हा प्रणोतीचाच आग्रह होता. तिथल्या बैठ्या, पत्र्याच्या घरांत मे महिन्यात माणसं अक्षरशः भाजून निघायची. पानं लागली त्या उन्हाळ्यात गल्लीने तिचा सत्कार केला. गल्लीतल्या वयोवृद्ध रामाजी सोनकुसऱ्यांनी स्वतः विणलेलं कोशाच्या रेशमाचं उपरणं तिच्या खांद्यावर घातलं. पुढच्या वर्षी लोकांनी कूलर विकून टाकले. जाळीला अडथळा होतो म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंबही तोडला. तोडायला प्रणोतीनेच सांगितलं होतं.

आणि या वर्षी धरणात पाणी उरलं नाही.

नगरपरिषदेचे मुख्याधिकारी दुरुगकर शांत, अभ्यासू गृहस्थ होते. बैठकीत त्यांनी आवाज चढवला नाही की कुणाला दोष दिला नाही. पानांसाठी मिळणारं पाणी निम्म्यावर येणार आहे, एवढं त्यांनी सांगितलं. मग प्रणोतीकडे वळून विचारलं, की मॅडम, अशा वेळी झाड काय करतं?

प्रश्न विचारलेला तिला नेहमीच आवडायचा. ती उठून उभी राहिली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली. आधी झाड रंध्रं मिटून घेतं. तेवढ्याने भागलं नाही, तर खालची, जुनी पानं सोडून देतं. सोडण्याआधी त्यांच्यातलं जे मोलाचं असेल ते परत खोडात ओढून घेतं, मग देठाशी बुचासारखा थर धरतो आणि पान गळतं. अशाने शेंड्याची कोवळी पानं वाचतात.

"म्हणजे जुनी आधी," दुरुगकर म्हणाले.

ती हो म्हणाली. सगळ्यात जुनी पानं कोष्टीपुऱ्याची होती. त्यांच्या शिरा झिजल्या होत्या, पाणी झिरपून वाया जायचं. हिशोब बरोबर होता. शिवाय पुढच्या आठवड्यात चार शहरांतून पाहुणे पर्णछत बघायला येणार होते, स्टेशन रोडवर. तिथली पानं नवी होती.

दोन गोष्टी ती त्या खोलीत बोलू शकली असती. पहिली अशी, की रंध्रं मिटलेलं पान नुसतं थंडावा देणं थांबवत नाही. ते स्वतः तापतं, भोवतीच्या हवेपेक्षाही जास्त. प्रयोगशाळेत तिने ते मोजलं होतं. अशा पानांचं अख्खं छत म्हणजे गल्लीवर ठेवलेलं झाकण. दुसरी गोष्ट अशी, की सगळ्या गल्ल्यांना पाळीपाळीने पाणी देता आलं असतं. मग कुठेच आठ-नऊ अंशांचा फरक पडला नसता, तीन-चारांचा पडला असता, पण सगळीकडे पडला असता. पाहुण्यांना मात्र तीन-चार अंश दाखवावे लागले असते. एवढ्यासाठी आपण अर्धं आयुष्य घालवलं का, असं तिला वाटलं, आणि ती खाली बसली.

कोष्टीपुऱ्याच्या पानांचं पाणी तोडायचं आणि बोभाटा नको म्हणून नोटीस लागेपर्यंत कुणी बाहेर बोलू नये, असं ठरलं. घरी जाताना ती स्वतःला समजावत होती, की काही होणार नाही, लोक दुपारी घरातच बसतात, पूर्वीही राहतच होते की. आणि हे असं समजावता समजावताच तिने डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावून आईसाठी तारीख घेतली.

पाणी बंद झालं त्या दिवशी त्या दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. देवकाबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मधेच त्यांनी गिरजाबाईंना फोन लावायला सांगितला. कुणी उचलला नाही. झोपली असेल, असं प्रणोती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा लावायला सांगितला, तेव्हाही कुणी उचलला नाही. या वेळी प्रणोतीने फोन आईच्या हातात परत दिला.

मग सोनकुसऱ्यांच्या सुनेचा फोन आला, तो देवकाबाईंच्या हातात. सून रडत बोलत होती. गल्लीवरची पानं सकाळपासून मलूल झाली होती आणि दुपारी तव्यासारखी तापली. हवा हलेना. रामाजी मागल्या खोलीत पडलेले सापडले, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. गिरजाबाई ओट्यावरून उठून आत जायला निघाल्या आणि उंबऱ्यातच कोसळल्या. त्यांना सरकारी दवाखान्यात अंगाला बर्फ लावून ठेवलं होतं. त्या कुणाला ओळखत नव्हत्या.

देवकाबाईंनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. डोळे अजून मिटलेलेच होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ते उघडले आणि लेकीच्या दिशेने बघितलं. थेंबांमुळे त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नसावा.

"तुले माहीत होतं?"

प्रणोती सांगू लागली. धरणाचं पाणी, बैठक, नोटीस निघणार होती ते.

"मी नोटिशीचं नाई विचारलं."

"हो," प्रणोती म्हणाली. "माहीत होतं."

"म्हणून मले आणलं."

"हो."

शेजारी एक बाई नातवाला बिस्कीट भरवत होती. देवकाबाई तिकडे बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात, जणू खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "मंग गिरजीले काहून नाई आणलं? दोन खोल्या हायेत न तुया."

सांगण्याजोगं कारण प्रणोतीकडे नव्हतंच. गिरजामावशीला आणावं की आणू नये, असा विचार तिने केलाच नव्हता. आणू नये असं ठरवलं असतं तर निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. तो विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. बैठकीत आपणच सांगितलेलं तिला आठवलं, मोलाचं तेवढं परत ओढून घेण्याचं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत आग गेली. कुणीतरी आपल्याला भर रस्त्यात उघडं पाडलं आहे आणि अंगावर ओढून घ्यायला हाताशी काही नाही, असं तिला झालं.

देवकाबाई पिशवी घेऊन उठल्या. डॉक्टरांनी अजून बोलावलं नव्हतं. भिंतीला हात लावत लावत त्या बाहेर गेल्या. प्रणोती मागे धावली तेव्हा त्या एका ऑटोवाल्याला कोष्टीपुऱ्याचा पत्ता सांगत होत्या. त्यांनी लेकीला बस म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. ती बसली.

कोष्टीपुऱ्यात माणसं पानं उतरवत होती. पडवीतल्या बांबूंना कोयते बांधून त्यांनी जाळी खेचायला सुरुवात केली होती. पण जाळी पोलादी तारेवर ताणलेली होती, ती फाटत होती, सुटत नव्हती. पापुद्रे सुटून खाली पडत होते. एक पान प्रणोतीच्या मनगटावर पडलं, तेव्हा चटका बसावा इतकं ते गरम होतं. गल्लीतल्या हवेला सूत रंगवायच्या उकळत्या रांजणाचा वास येत होता. आणि ऊन तर केव्हाच कललं होतं.

देवकाबाई सरळ सोनकुसऱ्यांच्या घरात गेल्या. प्रणोती बाहेर उभी राहिली. सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. कुणी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. रामाजींचा पुतण्या बांबू घेऊन तिच्या बाजूने गेला आणि जाताना बांबू लागू नये म्हणून जरा वाकडा झाला, एवढंच.

"तारा खांबापाशी सोडाव्या लागतील," ती शेवटी म्हणाली. "चारही कोपऱ्यांवर खटके आहेत. ते उघडले की सगळं एकदम खाली येईल."

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. पुतण्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खांबावर शिडी लावली. दुसऱ्या खांबाची शिडी तिने धरली. तिसऱ्या खांबावर ती स्वतः चढली, कारण तो खटका गंजला होता आणि तो कसा मागे दाबायचा ते फक्त तिला माहीत होतं. चौथा खटका सुटून छत कोसळलं तेव्हा वर आभाळ दिसलं आणि गल्लीतून उष्ण वाऱ्याचा पहिला झोत वाहत गेला. बायका घरातून बाहेर आल्या आणि कोसळलेल्या जाळीच्या कडेने, पानांवर पाय न देता, उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ती दुरुगकरांकडे गेली. मिटलेलं पान तापतं हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. पाळीने पाणी देता येतं हेही माहीत होतं, आणि आपल्या पानांचे आकडे खाली येऊ नयेत म्हणून आपण गप्प बसलो, असंही सांगितलं. दुरुगकरांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, मी तुमच्याच शब्दावर गेलो हो," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. आपण सुटलो असं वाटणाऱ्या माणसाचा तो सूर होता, आणि तो ऐकून तिला स्वतःचीच ओळख पटली. तीही बैठकीतून अशीच सुटून घरी गेली होती.

झाडाचा दाखला दिला तिथेच आपण चुकलो, असं ती पुढे म्हणाली. पानाला स्वतःचा जीव नसतो, जीव झाडाचा असतो, म्हणून झाडाला पान सोडता येतं. गल्ल्या या कुणाची पानं नाहीत. त्या संध्याकाळपासून पाण्याच्या पाळ्या लागल्या. पाहुणे आले, स्टेशन रोडवर जेमतेम चार अंशांचा फरक बघून सौजन्याने मान हलवत निघून गेले. कोष्टीपुऱ्याला नवी पानं देऊ केली, ती गल्लीने घेतली नाहीत. रामाजींच्या पुतण्याने गावभर फिरून जुने कूलर शोधले.

देवकाबाई परत लेकीकडे आल्या नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात करू, असं त्यांनी फोनवर कळवलं. बाकी बोलणं खाण्यापिण्यापुरतं राहिलं.

गिरजाबाई शुद्धीवर आल्या, माणसं ओळखू लागल्या. जीभ जड झाली होती आणि हात थरथरत होते. प्रणोती दवाखान्यात जायचं रोज ठरवायची आणि रोज काही ना काही काम काढायची. अखेर एका दुपारी ती गेली, तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. त्यांची लेक औषधं आणायला खाली गेली होती. प्रणोतीला पाहताच गिरजाबाईंचा चेहरा उजळला.

"आली का वं," त्या शब्द जुळवत म्हणाल्या. "बरं झालं, तू मायले नेलं. ती नसती वाचली. देवानंच बुद्धी देल्ली तुले."

म्हणजे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं. का, ते प्रणोतीला कळलं. ते काम आईने तिच्यासाठी ठेवलं होतं.

ती स्टुलावर बसली. तिने सांगायला सुरुवात केली आणि मध्ये थांबली नाही. बैठक सांगितली, पाहुणे सांगितले, छत तापणार होतं ते सांगितलं. त्या दिवशी ऑटोत पिशवी ठेवताना आपल्याला सगळं ठाऊक होतं, तुम्ही ओट्यावरून विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं, आणि आपण हसलो, हेही सांगितलं. सांगताना ती त्यांच्या पांघरुणाच्या काठाकडे बघत होती. रडू येत होतं, पण रडलं तर त्यांनाच आपली समजूत काढावी लागेल, म्हणून तिने ते येऊ दिलं नाही.

गिरजाबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू ओसरला, आणि तो ओसरताना प्रणोतीने मान वर करून पाहिला. तेवढं तरी आपण पाहायलाच हवं, असं तिला वाटलं.

"एक हाक मारायची होती," गिरजाबाई म्हणाल्या. "मी काही नसतं विचारलं. उठून आली असती."

मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

प्रणोती जायला उठली, पण गेली नाही. लेक अजून वर आली नव्हती, आजारी माणसाला एकटं कसं टाकायचं. ती पुन्हा बसली. पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपेत काहीतरी पुटपुटत होती. बऱ्याच वेळाने गिरजाबाई उताण्या झाल्या आणि कोरड्या ओठांवरून त्यांनी जीभ फिरवली. टेबलावरच्या भांड्याकडे हात नेला, पण हात थरथरला आणि भांडं सरकलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग हात पांघरुणावर पडून राहिला.

प्रणोतीने भांडं उचललं. एका हाताने त्यांची मान सावरली आणि भांडं ओठांशी धरलं. गिरजाबाईंनी डोळे मिटून घेतले. तहान लागली होती म्हणून त्या प्यायल्या, घोट घोट करत, भांडं रिकामं होईपर्यंत. मान खाली ठेवल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.